कागद नसलेलं लग्न, कागद असलेलं लग्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या वरच्या टोकाला मंडणगड तालुका, त्यातलं आंबडवे. थोडं खाली, दापोलीला लागून, वणंद. आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या अंगाला, राजापूरकडचं डोर्ले. ही तीन गावं कुणी एका दमात म्हणत नाही. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर या तीन गावांचं मिळून होतं. आंबडवे हे त्यांच्या सकपाळ घराण्याचं मूळ गाव, वणंद हे पहिल्या पत्नी रमाबाईंचं माहेर, डोर्ले हे दुसऱ्या पत्नी डॉ. शारदा कबीर यांच्या घराण्याचं. देशाच्या पहिल्या कायदेमंत्र्याच्या दोन्ही सोयरिकी एकाच जिल्ह्यातल्या माणसांशी झाल्या. त्यातली एक भायखळ्याच्या बाजारात लागली, दुसरी दिल्लीत.

मी कायद्याच्या मुलांना कौटुंबिक कायदा शिकवतो आणि दरवर्षी हे प्रकरण वर्गात घेतो. पुढाऱ्याच्या खासगी आयुष्याचा विषय निघाला की मागच्या बाकांवर खसखस पिकते. आपल्या भागात 'गावचं घर' आणि 'मुंबईचं घर' या दोन शब्दांत जे सांगायचं ते सांगून होतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. कागद कुणाकडे नसतो, खात्री सगळ्यांकडे असते. म्हणूनच मला हे प्रकरण आवडतं. इथे लपवलेलं काही नाही. तरीही संशय आला, आणि तो कुठे आला, कुठे आला नाही, हे पाहण्यासारखं आहे.

प्रश्न साधा आहे. एका मंत्र्याची पहिली पत्नी वारली. तेरा वर्षांनी, वयाची सत्तावन्न पूर्ण झाल्यावर, त्यांनी दुसरं लग्न केलं. ना फसवणूक, ना दोन संसार. मग त्या लग्नाचा जाब लोक पुढची पन्नास वर्षं का विचारत राहिले, आणि तोही लग्न करणाऱ्याला न विचारता जिच्याशी लग्न झालं तिलाच का?

भायखळ्याचा बाजार

पहिलं लग्न १९०६ च्या सुमाराचं. नेमक्या सालाबद्दल चरित्रकारांत एकवाक्यता नाही, आणि ते साहजिकही आहे, कारण या लग्नाची कुठे नोंदच नाही. मुलगा पंधराच्या आतबाहेर, शाळेत शिकणारा. मुलगी आठ-नऊ वर्षांची. आई-वडील दोघेही गेलेले, नातेवाइकांनी मुलांना मुंबईला आणलेलं. वणंदला असताना तिचे वडील दाभोळ बंदरातून मासळीच्या पाट्या वाहत. ज्याने दाभोळच्या धक्क्यावर उतरणारी मासळी पाहिली आहे त्याला त्या ओझ्याचा अंदाज येईल. पाटीतलं पाणी मानेवरून पाठीवर गळत असतं, आणि बाजार गाठेपर्यंत पाटी खाली ठेवायची सोय नसते.

लग्न लागलं भायखळ्याच्या मासळीबाजारात, रात्री, दुकानं उठल्यावर. एका कोपऱ्यात वराकडची माणसं, दुसऱ्यात वधूकडची. मासळी मांडायचे दगडी ओटे हीच बसायची बाकं, पायाखालून गटाराचं पाणी. सकाळी बाजार भरायच्या आत सगळं आवरायचं. हे वर्णन बाबासाहेबांच्या हयातीतच, १९५४ साली, चरित्रात छापून आलं. चरित्रकार धनंजय कीर हे रत्नागिरीचेच. मासळी वाहणाऱ्याच्या मुलीचं लग्न मासळीबाजारात लागावं, हा योगायोग कीरांनी मुद्दाम जुळवलेला नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या गरिबाला भाड्याशिवाय मिळणारी छपराखालची जागा तीच होती.

कायद्याच्या नजरेने या लग्नाकडे पाहा. नोंदणी नाही, दाखला नाही, दोघांपैकी कुणाच्या संमतीचा प्रश्नच नाही. मुलीचं वय किमान चौदा असावं असं सांगणारा शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे अजून तेवीस वर्षं पुढचा. आज वकिलाने हे लग्न कोर्टात सिद्ध करायचं म्हटलं तर त्याच्या हाती रूढी आणि आठवण याखेरीज काही लागणार नाही. आणि तरीही या लग्नाबद्दल आजवर कुणी एक शब्द वावगा काढलेला नाही.

का, ते त्या बाईंनी काढलेल्या वर्षांवरून कळतं. १९१३ ते १९१७ नवरा अमेरिकेत आणि लंडनमध्ये. पुन्हा १९२० ते १९२३ लंडनमध्ये. घर परळच्या चाळीत. पाच मुलं झाली, त्यांतला एकटा यशवंत जगला. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. तो गेल्यावर बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना लिहिलेलं पत्र वाचणं सोपं नाही. चार मुलं मातीत घातलेल्या बापाने लिहिलेलं आहे ते. रमाबाईंच्या हातचं असं पत्र आपल्याजवळ नाही. त्यांच्याबद्दल जे आहे ते इतरांनी सांगितलेलं. पंढरपूरला जायची त्यांची इच्छा होती. जिथे भक्ताला विठ्ठलापासून दूर उभं राहावं लागतं तिथे जायचं नाही, आपण दुसरी पंढरी उभी करू, असं नवऱ्याने सांगितलं. नवऱ्याचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं यात शंका नाही. पण वारी चुकली ती रमाबाईंची, एवढंही लिहून ठेवायला हरकत नसावी.

दादरच्या राजगृहात त्या फार दिवस राहिल्या नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. बाबासाहेबांनी मुंडण केलं, काही काळ वैराग्याची वस्त्रं घातली. त्याच वर्षीच्या १३ ऑक्टोबरला येवल्याला 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा झाली. पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं इंग्रजी पुस्तक त्यांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केलं. तिच्या मनाचा चांगुलपणा, शील, आणि मित्र नसलेल्या ओढगस्तीच्या दिवसांत तिने शांतपणे बरोबरीने सोसलेले हाल, हे त्या चार ओळींत आहे. पहिल्या लग्नाचा लेखी कागद मागितलाच तर मी ती अर्पणपत्रिका दाखवतो.

नऊ एप्रिल, पंधरा एप्रिल

आता दिल्ली. १५ ऑगस्ट १९४७ पासून कायदामंत्री. २१ फेब्रुवारी १९४८ ला राज्यघटनेचा मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांकडे सुपूर्द. शरीर मात्र थकलेलं. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या वेदना, त्या वेदनांनी रात्रीची झोप उडालेली. मुंबईत गिरगावात डॉ. माधवराव मालवणकर यांच्याकडे उपचार चालत, आणि तिथेच डॉ. शारदा कबीर काम करत. त्या १९०९ च्या, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ ला एम.बी.बी.एस. झालेल्या. गुजरातेत एका स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य वैद्यकीय अधिकारी होत्या, पुढे मुंबईला परतल्या. त्यांच्या घरात भावंडांची आंतरजातीय लग्नं आधीच झालेली होती. त्या काळच्या सारस्वत घराच्या मानाने हे वेगळंच घर.

बाबासाहेबांनी विचारलं, त्यांनी वेळ मागून घेतला, भावाचा सल्ला घेतला आणि होकार दिला. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत १, हार्डिंज ॲव्हेन्यू या मंत्र्यांच्या बंगल्यावर नोंदणी पद्धतीने लग्न झालं. उपायुक्त रामेश्वर दयाळ निबंधक म्हणून हजर होते. मोजकी माणसं, भटजी नाही, मुहूर्त नाही. आदल्याच दिवशी वराचा वाढदिवस झाला होता. शारदा कबीर यांच्या सविता आंबेडकर झाल्या, आणि पुढे माईसाहेब.

तारखा सांगताना वर्गात मी इथे थांबतो. बरोबर सहा दिवस आधी, ९ एप्रिलला, याच मंत्र्यांनी हिंदू कोड बिल प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला होता. एकपत्नीत्व, घटस्फोट, जातीबाहेरच्या लग्नाला मान्यता, मुलीला वाटा, विधवेला मालकी. म्हणजे आठवड्याच्या एका टोकाला देशाच्या लग्नांचा कायदा मांडायचा आणि दुसऱ्या टोकाला स्वतः लग्नाच्या कागदावर सही करायची. हे कुणी जुळवून आणलं असेल असं मला वाटत नाही. पण हा निव्वळ घरगुती मामला होता असंही मग म्हणता येत नाही.

कोणता कायदा निवडला

यावर फारसं कुणी लिहीत नाही आणि मला नेमकं यातच अडकायला होतं.

१९४८ साली दिल्लीत हिंदू पुरुषाला दुसरी, तिसरी बायको करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने द्विभार्या बंद झाली होती, म्हणजे आपल्या रत्नागिरीतही. देशभर ती बंद व्हायला १९५५ उजाडायचं होतं. होमहवन करून झालेलं लग्न धर्मशास्त्राने सांभाळलं असतं, आणि त्यात बाईच्या हाती घटस्फोटाचा हक्क नसता.

त्याऐवजी नोंदणी विवाहाचा रस्ता धरला गेला. १८७२ चा विशेष विवाह कायदा, १९२३ च्या दुरुस्तीसह. मुळात या कायद्याखाली लग्न करायचं तर 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' अशी धर्मांची यादी करून नाकारावी लागे. १९२३ पासून हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसांत लग्न करताना ती अट उरली नाही. पण बदल्यात किंमत होती. एकत्र कुटुंबातला असा माणूस लग्नाबरोबर कुटुंबापासून वेगळा झाला असं धरलं जाई. त्याला दत्तक घेता येत नसे. उलट त्याच्या बापाला दुसरा मुलगा नसेल तर बापाला नवा मुलगा दत्तक घ्यायची मुभा होती! कायद्याने केलेलं घटश्राद्धच म्हणा ना. वारसा हिंदू कायद्याने न जाता भारतीय वारसा कायद्याने जाई, आणि त्यात विधवेला मुलांच्या जोडीला एक तृतीयांश हिस्सा मिळे. घटस्फोटाला १८६९ चा कायदा लागू. आधी किमान चौदा दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि दोघांपैकी कुणाचाही जोडीदार हयात नसला पाहिजे.

म्हणजे संसदेत जे पुढे सगळ्यांसाठी मागायचं होतं त्यातलं बरंचसं मंत्र्यांनी आधी स्वतःवर लादून घेतलं. नवऱ्याचे हात बांधणारा आणि बायकोला हिस्सा देणारा कायदा निवडला. एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, पण ते कायदामंत्री होते, त्यांना माहितीच असणार ना?" अरे, माहिती असूनच तर! आपल्याकडे कायदा माहीत असलेली माणसं सहसा उलट्या बाजूने पळतात.

स्वतःहून दिलेलं उत्तर

लग्नाच्या महिनाभर आधी, मार्च १९४८ मध्ये, बाबासाहेबांनी नाशिकचे दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून निर्णय कळवला. आशय असा: रमाबाई गेल्यावर पुन्हा लग्न करायचं नाही असं ठरवलं होतं. आता प्रकृतीने निरुपाय केला आहे. देखभालीला परिचारिका किंवा घर पाहणारी बाई ठेवली तर लोकांच्या मनात भलते तर्क येतील, त्यापेक्षा लग्न बरं. शिकलेली, वैद्यक जाणणारी, स्वयंपाक येणारी आणि वयाला साजेशी अशी स्त्री आपल्या समाजात मिळणं अशक्य आहे.

आज निवडणुकीला उभं राहणाऱ्याला जोडीदाराची मालमत्ता शपथपत्रात लिहावी लागते, सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर. त्या वेळी असं काही बंधन नव्हतं. तरी या माणसाने आपल्या कार्यकर्त्याला आधी सांगितलं. लपवायचं असतं तर दिल्ली फार लांब होती.

आणि मला वाटतं, चूक झाली असेल तर इथेच झाली. म्हणजे नैतिक चूक नव्हे, राजकारण्याची चूक. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण कधी न झालेल्या भाषणात त्यांनी म्हटलं होतं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. त्याचा दाखला देऊन 'मी बोललो ते करून दाखवलं' असं पत्रात लिहिलं असतं, तर सभांमधून टाळ्या पडल्या असत्या. त्यांनी तसं लिहिलं नाही. पाय दुखतात, साखर वाढते, दोन वेळचं पथ्याचं कुणीतरी करायला हवं, असं लिहिलं. पुढाऱ्याच्या तोंडी इतकं घरगुती सत्य लोकांना झेपत नाही. 'सारस्वताच्या घरची म्हणजे मासळीला हात चांगला असणार,' असं माझी आई म्हणायची, तिला मात्र हे कारण पुरेसं वाटे.

अनुयायांतले बरेच नाराज झाले. ब्राह्मणाचीच का, हा त्यांचा प्रश्न. हा राग खोटा नव्हता. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी महाडला २० मार्च १९२७ ला चालत आलेल्यांमध्ये खेडची, दापोलीची, चिपळूणची माणसं होती. त्यांना डोक्यावर दगड-काठ्या खाव्या लागल्या ते ज्यांच्या धर्मापायी, त्यांच्याच घरची बाई आपल्या बाबांच्या घरात येणार, हे त्यांना कसं पटावं? शिवाय कोकणात सारस्वत आणि चित्पावन एकमेकांना काय समजतात हा तपशील खालून पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याला सगळं वरचंच दिसतं. दिल्लीत सरदार पटेलांनी मात्र अभिनंदनाच्या पत्रात, बापू असते तर त्यांनी आशीर्वाद दिले असते, असं लिहिलं. गांधीजींना जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते.

यशवंतराव त्या वेळी पस्तिशीतले. आणि इथे एक जुनी गोष्ट आठवते. बाबासाहेबांची आई भीमाबाई साताऱ्यात १८९६ ला वारली. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं, आणि ते लहानग्या भीमरावाला रुचलं नव्हतं. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने दिसले की त्याला राग येई, असं कीरांनी नोंदवलं आहे. दुसऱ्या लग्नाचं दुःख मुलाच्या बाजूने काय असतं हे या मंत्र्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सहा डिसेंबरनंतर

आठ वर्षांचा संसार. त्यात २७ सप्टेंबर १९५१ चा राजीनामा आला, तो हिंदू कोड बिल मागे पडल्याच्या रागातूनही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, माईसाहेबांनीही घेतली. मग ६ डिसेंबर, अलीपूर रोड.

मृत्यूनंतर संशय उभा राहिला. बायको डॉक्टर होती हेच तिच्याविरुद्ध गेलं. ज्या कारणासाठी लग्न केलं, तेच कारण आरोपाचं झालं. चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं सरकारने सांगितलं, तरी कुजबुज थांबली नाही. पुढची कित्येक वर्षं त्या दिल्लीत एकट्या पडल्यासारख्या राहिल्या. सत्तरच्या दशकात त्या पुन्हा मुंबईच्या चळवळीत दिसू लागल्या, ते दलित पँथरच्या पोरांमुळे. बापाच्या पिढीने जिला दाराबाहेर ठेवलं तिला नातवांच्या वयाच्या पोरांनी 'माई' म्हटलं.

या भागात वर्गाला दाखवण्याजोगा एकच कागद आहे. बुद्ध आणि धम्मावरच्या शेवटच्या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ च्या एप्रिलमध्ये प्रस्तावना लिहिली होती. मधल्या आजारपणात आपण मरणाच्या दारात जाऊन आलो, आणि विझत आलेली ज्योत पत्नीने आणि डॉ. मालवणकरांनी जपली, अशी कृतज्ञता तिच्यात आहे. १९५७ ला ग्रंथ छापून आला, तेव्हा त्यात ही प्रस्तावना नव्हती. जिच्यावर विषाचा संशय, तिच्याबद्दल मरणाऱ्याने आठच महिने आधी दिलेली साक्ष छापायची राहिली. पुराव्याच्या कायद्याचा तास असता तर मी यावर पूर्ण तास घेतला असता.

मुलं दरवर्षी दोन गट करतात. एक म्हणतो, पुढाऱ्याचं खासगी ते खासगी, चर्चाच नको. दुसरा म्हणतो, जो समाजाला बाप म्हणवतो त्याचं घर समाजाचं. मला दोन्ही पटत नाही. पहिल्या गटाला मी गायकवाडांना लिहिलेलं पत्र देतो: ज्याचं खासगी, त्यानेच ते पुढे ठेवलं. दुसऱ्या गटाला विचारतो की घर समाजाचं असेल, तर त्या घरातल्या बाईचे कागद वाचायची तसदी समाजाने का घेतली नाही? मासळीबाजारातल्या लग्नाचा एकही दाखला नाही, तिथे सगळे विश्वासाने नमस्कार करतात. नोटीस, निबंधक, साक्षीदार, पत्रं, प्रस्तावना, सगळं असलेल्या लग्नात मात्र बाईला पुरावा मागितला. गेल्या वर्षी दाभोळकडच्या एका मुलीने वहीतून मान वर न काढता म्हटलं, "सर, पहिल्या बाईंनी सोसलं ते सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या बाईंनी काय केलं ते बंद दाराआड. इंजेक्शन कोण बघतं?" मी ते फळ्यावर लिहिलं नाही, पण माझ्या टिपणात उतरवून घेतलं.

१४ एप्रिल १९९० ला बाबासाहेबांचं भारतरत्न राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या हातून माईसाहेबांनी घेतलं. २९ मे २००३ ला त्या मुंबईत गेल्या, जे. जे. रुग्णालयात. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या त्याचंच ते रुग्णालय.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात ढग जमायला लागतात, आंबा संपत आलेला असतो, चाकरमानी परतीच्या गाड्या धरतात. २७ मेला वणंदला माणसं येतात, निळे झेंडे लावलेल्या गाड्या दापोलीच्या नाक्यावरून वळतात. बायका लहान पोरांना स्मारकापाशी टेकवतात. मीही दोनदा गेलो आहे. दोन दिवसांनी २९ तारीख येते. डोर्ल्याच्या रस्त्याला त्या दिवशी मी एकदाच गेलो. एस.टी.तून माझ्याबरोबर उतरलेल्या बाईंनी कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं. मी कबीरांचं नाव सांगितलं. "कुठले कबीर?" त्या म्हणाल्या.